रात्रीचा पाहुणा: कैरो ते खोडद

तिसाव्या पाऱ्यातली सूरह तारिक आपल्यापैकी अनेकांना लहानपणापासून पाठ असते. सतरा आयतींची ही छोटी सूरह. तिच्या आरंभी आकाशाची आणि रात्री येणाऱ्या एका ताऱ्याची शपथ आहे. ‘तारिक’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा एक अर्थ ठोठावणे. रात्री मुक्कामाला आलेला वाटसरू बंद दार ठोठावतो, म्हणून तो तारिक. हा तारा कोणता, यावर जुन्या मुफस्सिरांमध्ये एकमत नव्हते. कोणी शनी म्हटले, कोणी सुरैया म्हणजे आपल्या कृत्तिका म्हटल्या, तर कोणी रात्री दिसणारा कोणताही तेजस्वी तारा असा साधा अर्थ घेतला. मतभेद नोंदवून ते पुढे गेले.

गेल्या काही दशकांत मात्र या ताऱ्याचे नाव ‘निश्चित’ झाले आहे. एखाद्या तकरीरीत, मोबाईलवर फिरणाऱ्या एखाद्या चित्रफितीत ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज ऐकवला जातो. हा पल्सार नावाच्या ताऱ्याचा आवाज, तो दार ठोठावल्यासारखा येतो, म्हणून हाच तो तारिक, असे सांगितले जाते. विज्ञानाला १९६७ मध्ये जे कळले ते आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले होते, असा समारोप होतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. आमचेही एकेकाळी भरून आले होते. सांगणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आम्हाला शंका नाही. पण या ताऱ्यांच्या शोधाचा इतिहास वाचत गेलो तसतसे वाटू लागले की, आपण अभिमान बाळगायला चुकीची जागा निवडली आहे. अभिमानाची खरी जागा याच इतिहासात आहे आणि तिच्याकडे आपले लक्षच गेलेले नाही. ती दाखवावी एवढ्यासाठी हा लेख.

दोन हकीम, दोन तारे

इसवी सन १००६, हिजरी ३९६. फातिमी खलिफांचे कैरो. नाईलपलीकडच्या गीझा गावात एका गरीब भटारखानेवाल्याच्या पोटी जन्मलेला अली इब्न रिदवान हा मुलगा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. वैद्यक शिकायला पैसे नव्हते, म्हणून लोकांच्या पत्रिका मांडून तो चार दिरहम मिळवत असे. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस दक्षिणेकडच्या आकाशात, पूर्वी जिथे काही नव्हते तिथे, एक विलक्षण तेजस्वी तारा उगवला.

पुढे इब्न रिदवान इजिप्तचा नामांकित हकीम झाला. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावर भाष्य लिहिताना त्याने तारुण्यात पाहिलेला तो तारा नोंदवून ठेवला. शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा दिसे आणि त्याचा उजेड चंद्राच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त होता, असे त्याचे मोजमाप. एवढ्यावर तो थांबला नाही. तारा दिसू लागला त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि प्रत्येक ग्रह कोणत्या राशीत किती अंशांवर होता, तेही त्याने लिहिले. हजार वर्षांनंतरच्या खगोलशास्त्रज्ञांनी त्या अंशांवरून उलट गणित मांडले, तेव्हा ३० एप्रिल १००६ ही तारीख हाती आली. मानवाने पाहिलेल्या ताऱ्यांतला बहुधा सर्वांत तेजस्वी तारा तोच. चीन, जपान आणि युरोपातही त्याच्या नोंदी आहेत. इब्न सीनाच्या ‘किताब अल-शिफा’ या महाग्रंथातही याच ताऱ्याचा उल्लेख असल्याचे जर्मन संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले.

दुसरा हकीम इब्न बुतलान. बगदादचा, धर्माने ख्रिस्ती, लिहायचा अरबीत. तो कैरोला आला तेव्हा त्याचे आणि इब्न रिदवानचे चांगलेच जुंपले. पक्ष्यांच्या पिल्लांची प्रकृती उष्ण की थंड, असल्या प्रश्नावरून सुरू झालेला वाद एकमेकांची अक्कल काढण्यापर्यंत गेला. त्यांची ती भांडखोर पत्रे आजही उपलब्ध आहेत. शेवटी इब्न बुतलान कैरो सोडून कॉन्स्टँटिनोपलला गेला. तिथे हिजरी ४४६ मध्ये, म्हणजे इसवी सन १०५४ मध्ये, भयंकर साथ पसरली होती. एका चर्चमध्ये चौदा हजार प्रेते पुरावी लागली, असे तो लिहितो. आणि त्याच वर्षी मिथुन राशीत एक नवा तारा उगवल्याची नोंद करतो. तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिया याने वैद्यांची चरित्रे लिहिली, त्यात ही नोंद टिकून राहिली. ती आधुनिक खगोलशास्त्रज्ञांपुढे आली १९७८ मध्ये.

चिनी दरबारी ज्योतिष्यांनी हाच तारा ४ जुलै १०५४ रोजी पाहिला. अशा अवचित उगवणाऱ्या ताऱ्याला ते ‘पाहुणा तारा’ म्हणत. तो तेवीस दिवस भर दुपारीही दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे दिसत राहिला. वृषभ नक्षत्रात, बैलाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ, त्या जागी आज एक फाटका ढग दुर्बिणीतून दिसतो. त्याला खेकडा तेजोमेघ म्हणतात. ज्यांना जागा शोधायची असेल त्यांनी आधी तांबूस रोहिणी शोधावी. तिचे जगभरचे नाव अल्डेबरान, म्हणजे अरबीतले ‘अल्-दबरान’, मागून येणारा. सुरैयाच्या मागून येतो म्हणून.

हे दोन तारे म्हणजे प्रत्यक्षात दोन ताऱ्यांचे मृत्यू होते. तारा फुटतो तेव्हा काही काळ कोट्यवधी ताऱ्यांइतका उजळतो. त्याला आज आपण अतिनवतारा म्हणतो. इब्न रिदवानला हे ठाऊक नव्हते. तो ताऱ्याचा संबंध दुष्काळ-युद्धांशी जोडतो, इब्न बुतलान साथीशी जोडतो. कारणमीमांसा दोघांचीही चुकली. पण डोळ्यांनी जे पाहिले ते त्यांनी नेमके लिहिले, आणि हजार वर्षे उलटली तरी त्या नोंदीची किंमत कमी झालेली नाही. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या दोन हकिमांनी, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, एकाच अरबी भाषेत एकेक तारा आपल्या हवाली केला.

केंब्रिजच्या कागदावरचा डाग

ताऱ्याचा स्फोट झाल्यावर मागे काय उरते? १९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी या दोघांनी एक तर्क मांडला की, आतला गाभा स्वतःच्या वजनाखाली दबून न्यूट्रॉनांचा एक घट्ट गोळा बनत असावा. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, पण व्यास वीसेक किलोमीटर, म्हणजे पुणे शहरात मावेल एवढा. तर्क ऐकायला सुरस होता. पण इतकी लहान वस्तू इतक्या दुरून दिसणार कशी? तीस-बत्तीस वर्षे तो कागदावरच राहिला.

१९६५ मध्ये जोसलीन बेल ही उत्तर आयर्लंडची तरुणी पीएच.डी.साठी केंब्रिजला आली. तिचे बालपण आपल्या वाचकांना, विशेषतः मुलींच्या आयांना, ओळखीचे वाटेल. अकराव्या वर्षीची निवड परीक्षा ती नापास झाली होती. पुढच्या शाळेत मुलगे विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणि मुली स्वयंपाक-शिवणाच्या वर्गात अशी वाटणी होती. तिच्या आईवडिलांनी शाळेशी भांडण काढले, तेव्हा तिला विज्ञानाच्या वर्गात बसू दिले. घरचे वातावरण धार्मिक, क्वेकर पंथाचे. ती श्रद्धा तिने आयुष्यभर जपली.

केंब्रिजमध्ये अँटनी ह्यूइश यांच्या हाताखाली तिने आणि काही जणांनी मिळून दोन वर्षे खपून एक रेडिओ दुर्बीण उभी केली. दुर्बीण म्हणजे साडेचार एकर शेतात हजाराहून अधिक खांब आणि त्यांवर ताणलेल्या तारा. घण घालून खांब ठोकण्याचे काम तिनेही केले. जुलै १९६७ मध्ये दुर्बीण सुरू झाली. आकाशातून आलेल्या लहरी एका फिरत्या कागदावर पेनाने रेखल्या जात. रोज सुमारे तीस मीटर कागद. तो डोळ्यांनी तपासायचे काम एकट्या जोसलीनचे.

ऑगस्टमध्ये तिला कागदावर एक बारीक खरवडल्यासारखा डाग दिसला. चार दिवसांत सगळे आकाश एकदा पाहून होई आणि त्यासाठी शंभर मीटरहून जास्त कागद लागे. त्यात या डागाने बोटाच्या पेराएवढीही जागा घेतली नव्हती. तो ताऱ्याच्या लुकलुकण्यासारखा नव्हता, माणसाच्या यंत्रांच्या गोंगाटासारखाही नव्हता. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. तिला आठवले की असाच डाग आपण आधीही पाहिला आहे, आकाशाच्या याच तुकड्यात. मागचे कागद काढून पाहिले तर खरेच होते. शिवाय तो दर दिवशी सुमारे चार मिनिटे लवकर येत होता. तारे असेच रोज चार मिनिटे लवकर उगवतात. माणसाची यंत्रे माणसाच्या घड्याळाने चालतात. जे ताऱ्यांच्या घड्याळाने चालते ते बहुधा आकाशातले असते.

२८ नोव्हेंबरला वेगवान कागदावर तो डाग उलगडला. ठोके पडत होते, एकसारखे, दर १.३३७ सेकंदांनी एक. इतके नियमित ठोके कोणताही तारा देईल असे तोवर कुणी मानत नव्हते. दूरच्या एखाद्या ग्रहावरून कोणी संदेश पाठवत आहे की काय, अशी शंका आली, आणि थट्टेने त्या ठोक्यांना ‘छोटी हिरवी माणसे’ असे नाव पडले. ही बातमी त्याच दिवशी बाहेर फुटली असती तर जगभर केवढा गजर झाला असता! पण त्यांनी घाई केली नाही. संदेश ग्रहावरून येत असेल तर तो ग्रह आपल्या सूर्याभोवती फिरत असणार, आणि ठोक्यांत त्या फिरण्याची खूण दिसायला हवी. ती शोधली. फक्त आपल्या पृथ्वीच्या फिरण्याची खूण सापडली. मग डिसेंबरमध्ये जोसलीनला आकाशाच्या दुसऱ्याच टोकाला तसेच दुसरे ठोके सापडले. दोन वेगळ्या टोकांना राहणाऱ्या ‘माणसांनी’ एकाच वेळी पृथ्वीलाच हाका मारणे अशक्य. म्हणजे हे निसर्गाचे काम. फेब्रुवारी १९६८ मध्ये शोध जाहीर झाला.

त्याच वर्षी अमेरिकेत ग्रीन बँक येथील दुर्बिणीने खेकडा तेजोमेघाच्या दिशेने ठोके पकडले. अरेसिबोच्या दुर्बिणीने ते मोजले. सेकंदाला सुमारे तीस. आणि त्यांतले अंतर दररोज सेकंदाच्या साधारण छत्तीस अब्जांश भागाने वाढत होते. भोवरा हळूहळू मंदावत होता. बाडे आणि झ्विकी यांचा तर्क खरा ठरला. स्फोटानंतर उरलेला न्यूट्रॉनांचा गोळा स्वतःभोवती गरगरतो, त्याच्या चुंबकीय ध्रुवांतून रेडिओ लहरींचे झोत निघतात, आणि दीपगृहाचा झोत फिरत फिरत बोटीवर यावा तसा तो झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो. इब्न बुतलानने साथीच्या शहरातून नोंदवलेला पाहुणा आपल्या कानांवर येत होता, तो असा.

इब्न रिदवानच्या ताऱ्याच्या जागी मात्र पल्सार नाही. तो स्फोट वेगळ्या जातीचा होता. त्यात सगळा तारा उधळून गेला, गाभा उरलाच नाही. हे कळायलाही ती जुनी नोंद उपयोगी पडली.

या शोधाचे नोबेल पारितोषिक १९७४ मध्ये मिळाले ते ह्यूइश यांना, मार्टिन राइल यांच्यासोबत. डाग ज्या मुलीने ओळखला तिचे नाव त्यात नव्हते. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचे एक मोठे पारितोषिक देण्यात आले. ती सगळी रक्कम तिने भौतिकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या, पण ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या, निर्वासितांच्याही, शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली. सदका-ए-जारिया म्हणजे काय ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

खोडदच्या तबकड्या

आता आपल्या मुलखात येऊ. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले की नारायणगाव येते. तिथून पूर्वेला दहाएक किलोमीटरवर खोडद. तालुका जुन्नर. हे तेच जुन्नर, जिथल्या मलिक अहमदने १४९० मध्ये बहामनींपासून वेगळे होऊन निजामशाही उभी केली. द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्याच्या या मुलखात शेतांच्या मधून अचानक प्रचंड तबकड्या डोके वर काढतात. एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. चौदा जवळजवळ आहेत, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोहोंत सुमारे पंचवीस किलोमीटर अंतर. तबकडी म्हटले तरी ती भरीव नाही. ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. ही युक्ती गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर त्यांनी पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभारली होती. १९९० च्या दशकात ही दुसरी उभी राहिली, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. लोक तिला ‘जीएमआरटी’ म्हणतात, किंवा नुसते ‘खोडदची दुर्बीण’. डोंगरांच्या आडोशाची, शहरांच्या गोंगाटापासून दूरची जागा म्हणून खोडद निवडले गेले.

नवा पल्सार शोधायचा म्हणजे काय करायचे? ज्या पल्सारांचा आवाज ठळक होता ते केव्हाच सापडले. उरलेले इतके मंद आहेत की त्यांचा एक ठोका गोंगाटात पूर्ण बुडालेला असतो. त्यात आणखी एक अडचण. ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांतून येताना कमी कंपनसंख्येच्या लहरी मागे रेंगाळतात. जुम्म्याची नमाज सुटल्यावर माणसे मशिदीच्या दारातून एकदमच बाहेर पडतात. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तरुण पुढे गेलेले असतात, म्हातारे मागे राहिलेले असतात. ठोक्याचेही तसेच होते. निघताना तो एक असतो, पोचताना विस्कटलेला असतो. त्याला पुन्हा एकत्र आणायचे तर प्रत्येक लहर किती मागे पडली ते कळायला हवे. पण तारा किती दूर आहे तेच ठाऊक नसते. म्हणून संगणक शेकडो, हजारो वेगवेगळे अंदाज धरून प्रत्येक वेळी लहरी नव्याने जुळवून पाहतो.

मग येते पुनरावृत्तीची तपासणी. या गोंगाटात कोणती गोष्ट ठराविक अंतराने परत परत येते का? तसे अंतर सापडले की तेवढ्या तेवढ्या लांबीचे तुकडे करून ते एकावर एक रचायचे. गोंगाट आपसांत जिरून जातो, ठोका असेल तर वर येतो. दुर्बीणही दोन तऱ्हांनी वापरता येते. तबकड्यांनी पकडलेल्या शक्तीची नुसती बेरीज केली तर आकाशाचा मोठा तुकडा एकदम पाहता येतो. लहर लहर जुळवून बेरीज केली तर कान फार तीक्ष्ण होतो, पण आकाशाचा अगदी छोटा तुकडा ऐकू येतो. आधी मोठ्या जाळ्याने मासा हेरायचा, मग बारीक जाळ्याने तो नेमका पकडायचा.

२००४ मध्ये या दुर्बिणीने एन.जी.सी. १८५१ या तारकागुच्छात एक पल्सार शोधल्याचे जाहीर झाले. शोधकांत पावलो फ्रेयरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वरचंद्र ही नावे होती. हा गोळा सेकंदाला दोनशे फेऱ्या घेतो आणि एका जोडीदाराभोवती अतिशय लांबट कक्षेत फिरतो. २०१३ मध्ये भास्वती भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक शोधला. तो सेकंदाला साडेचारशेहून जास्त फेऱ्या घेतो आणि आपल्या हलक्या जोडीदाराला स्वतःच्या माऱ्याने झिजवत नेतो. जोडीदार आडवा आला की त्याचे ठोके काही काळ बंद पडतात, ग्रहण लागल्यासारखे. त्यानंतर खोडदहून दक्षिण आकाशाची पद्धतशीर झडती सुरू झाली आणि अनेक नवे पल्सार यादीत आले. जगभरात आजवर साडेतीन हजारांहून अधिक पल्सार सापडले आहेत.

हे शोधून करायचे काय? काहींचे ठोके उत्तम घड्याळांच्या तोडीचे असतात. चौदाव्या शतकात इब्न शातिर हा दमास्कसच्या उमय्या मशिदीत मुवक्कित होता. नमाजांच्या वेळा ताऱ्यांवरून काढणे हे त्याचे काम. आजचे खगोलशास्त्रज्ञही आकाशातली घड्याळे वर्षानुवर्षे मोजत बसतात आणि ती सगळी मिळून किंचित मागेपुढे होतात का ते पाहतात. जून २०२३ मध्ये युरोपच्या दुर्बिणींसोबत खोडदच्या नोंदी जोडून भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, अवकाश-काळालाच हलवणाऱ्या अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचे संकेत या घड्याळांत मिळत आहेत. त्याच वेळी इतर देशांच्या गटांनीही तसेच निष्कर्ष मांडले. एका गटाच्या म्हणण्यावर कोणी विसंबले नाही.

सहीह आणि जईफ

या सगळ्या कामात एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. संगणकाची तपासणी संपते तेव्हा हाती पल्सार येत नाहीत. हाती येतात हजारो ‘उमेदवार’. त्यांतले जवळजवळ सगळे खोटे असतात. विजेच्या तारांवरची ठिणगी, एखादे रडार, मोबाईलचा मनोरा, शेतातल्या पंपाची मोटार, सगळेच ठोके देतात. प्रत्येक उमेदवाराला प्रश्न विचारले जातात. लहरी आकाशातून यायला हव्या तशा विस्कटल्या होत्या का? तबकडी दुसरीकडे वळवल्यावर ठोका थांबला का? दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकू आला का? एका प्रश्नाला जरी उत्तर नीट आले नाही तरी उमेदवार बाद.

हे वाचताना आम्हाला मुहद्दिस आठवले. इमाम बुखारींच्या पिढीपुढे प्रेषितांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या रिवायतींचा ढीग पडला होता. त्यांनी प्रत्येकीला विचारले, तू कोणाकडून आलीस? मधला रावी विश्वासू होता का? ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का? ऐकायला कितीही गोड असो, सनद तुटकी निघाली की रिवायत जईफ. प्रेषितांवर त्यांचे प्रेम कमी नव्हते. प्रेम होते म्हणूनच त्यांच्या नावाने खोटे काही चालू द्यायचे नव्हते. ही नाकारण्याची विद्या आपल्या पूर्वजांनी अशा उंचीला नेली होती, आणि पल्सार शोधणाऱ्यांचे रोजचे काम याच विद्येचे आहे.

चूक झाल्यावर काय करावे, हेही या इतिहासात शिकायला मिळते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या अँड्र्यू लाइन यांनी एका पल्सारभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर केले. जगभर गाजावाजा झाला. पुढे त्यांच्याच लक्षात आले की, पृथ्वीच्या कक्षेचा लांबटपणा हिशेबात नीट धरला गेला नव्हता. ग्रह नव्हताच. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा येथे शास्त्रज्ञांच्या भरसभेत ते उभे राहिले आणि स्वतःची चूक त्यांनी स्वतः सांगितली. सभेने टाळ्यांच्या कडकडाटात त्यांना दाद दिली. त्यांच्यानंतर त्याच सभेत अलेक्झांडर वोल्श्चान यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीच्या ग्रहांची माहिती दिली. ते ग्रह खरे ठरले. भरसभेत चूक कबूल करणाऱ्याला आपल्या मोहल्ल्यात, आपल्या जमातीत अशी दाद मिळाल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता त्या चित्रफितीकडे परत जाऊ. मुहद्दिसांच्या कसोटीवर ती टिकते का? पोकळीतून आवाज येत नाही. पल्साराकडून येतात त्या रेडिओ लहरी, आणि त्यांना यंत्रात घालून ‘टक् टक्’ हा आवाज आपणच केलेला असतो. नुसत्या डोळ्यांना पल्सार दिसत नाही. सूरहचे पहिले श्रोते अरबस्तानातल्या उघड्या आकाशाखाली बसलेले होते, आणि ती शपथ त्यांना समजावी म्हणून होती. शिवाय हा अर्थ १९६७ पूर्वी कोणालाच सुचला नाही. मॉरिस ब्युकाय या फ्रेंच डॉक्टरांचे ‘बायबल, कुरआन आणि विज्ञान’ हे पुस्तक १९७६ मध्ये आले आणि अशा जुळवाजुळवीला जगभर जोर चढला. पण या वाटेचा धोका फार आधी ओळखला गेला होता. अंदलुसचे इमाम शातिबी (मृत्यू १३८८, हिजरी ७९०) यांनी बजावून ठेवले होते की, जगातल्या सगळ्या विद्या कुरआनात शोधत बसू नये. त्यांना विज्ञानाचा तिटकारा नव्हता. विद्या बदलत जातात, हे त्यांना माहीत होते. आज ज्या सिद्धान्ताला आपण आयत बांधू तो उद्या लाइन यांच्या ग्रहासारखा मागे घेतला गेला तर आयतीचे काय करायचे?

आणि सर्वांत मोठे नुकसान पोरांचे होते. ‘सगळे आपल्याकडे आधीच सांगितले आहे’ हे ज्याने लहानपणी ऐकले, तो दुर्बिणीपाशी रात्र कशाला जागवेल? जे आधीच मिळाले ते शोधायचे कशाला? आकाशाकडे पाहा, विचार करा, असे कुरआन पुनःपुन्हा सांगते. त्या सांगण्याचा मान इब्न रिदवानने राखला. त्याने तारा पाहिल्यावर ‘हे मला ठाऊकच होते’ असे म्हटले नाही. त्याने तो मोजला, ग्रहांचे अंश टिपले आणि पुढच्यांसाठी ठेवून दिले. आमच्या मते अभिमान धरायचा तो याचा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडतात. पंचक्रोशीतल्या आणि दूरच्या शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन येतात, तबकड्यांखाली उभी राहून माना वर करून पाहतात. आपल्या मराठी आणि उर्दू शाळांच्या मुख्याध्यापकांना आमची एकच विनंती आहे. एखाद्या वर्षी मुलांची एक बस तिकडे न्यावी, आणि मुलींना पुढच्या बाकांवर बसवावे. तिथले लोक मोबाईल बंद करायला सांगतील, कारण त्याची एक हाकही आकाशातली मंद हाक बुडवून टाकते. तेवढा वेळ ती टक्‌टक् करणारी चित्रफीतही आपोआप बंद राहील. मग कोणी मुलगी विचारेल, एवढ्या तबकड्या कान लावून कोणाची वाट पाहताहेत? तिला सांगावे की, अजून कोणालाच ठाऊक नसलेल्या ताऱ्यांची. आणि तो ओळखायला पेराएवढ्या डागाकडे दुर्लक्ष न करणारी एखादी मुलगी लागते, हेही सांगावे.